छातीचा फोटो काढायला जाताना

“दादा, डॉक्टरांनी छातीचो फोटो काढूक सांगल्यानी.”

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी एक्स-रे काढतो. वीस-बावीस वर्षं झाली, दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य कानावर पडतं. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. एकदा एक म्हाताऱ्या बाई मशीनसमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हसूक व्हया?” मी म्हटलं, “आजी, हसा खुशाल. तोंड येत नाही त्यात.”

पण ‘फोटो’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. फोटोत आलं म्हणजे ते तसंच असणार, असं आपण धरून चालतो. एक्स-रे ही खरं म्हणजे सावली. एवढं डोक्यात बसलं, की त्या खोलीत तुम्हाला काय काय करायला सांगतात आणि का, रिपोर्टात ते घाबरवणारे शब्द कुठून येतात, हे बरंचसं आपसूक कळतं.

पावसात लाईट गेली की कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरीण, कोंबडा करायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. हात भिंतीजवळ नेला की सावली हाताएवढीच पडते, कडाही स्वच्छ दिसतात. हात कंदिलाजवळ नेला की कोंबड्याचा राक्षस होतो आणि कडा फिसकटतात. आमच्या खोलीत मशीनची नळी हा कंदील, प्लेट ही भिंत आणि मध्ये तुमची छाती. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, अंगातून आरपार जातो. पण सगळीकडून सारखा जात नाही. हवा त्याला जवळजवळ अडवतच नाही, म्हणून हवेच्या जागी फिल्म काळी होते. मांस, रक्त, पाणी थोडं अडवतात, तिथे करडी छटा येते. हाडांत कॅल्शियम असतं, ती पांढरी दिसतात. धातू तर पांढराफेक. फुप्फुसं हवेने भरलेली, म्हणून छातीच्या फिल्मवर दोन्ही बाजूंना दोन काळेभोर पट्टे दिसतात आणि मधे, किंचित डावीकडे झुकलेली हृदयाची पांढुरकी सावली.

हे किरण विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला वुर्झबर्गमध्ये ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. नेमके कसले किरण आहेत ते त्याला कळेना, म्हणून गणितात अज्ञात संख्येला धरतात तसं ‘एक्स’ हे नाव दिलं. पुढे १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं. त्याने बायकोच्या हाताचा काढलेला एक्स-रे प्रसिद्ध आहे. हाडं बारीक काठ्यांसारखी दिसतात आणि त्यातल्या एका बोटावर भलाथोरला काळा ठिपका, तो अंगठीचा. (तेव्हाची प्रत उलटी, म्हणून आज पांढरं दिसतं ते तिथे काळं आहे.) म्हणजे दागिन्यांचं लफडं पहिल्या दिवसापासूनचं.

आमच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो यातच. गळ्यातली चेन, तावीज, काळा दोरा, देवळातून आणलेली पुडी, ब्लाऊजचे हूक, सेफ्टीपिना, खिशातला मोबाईल. या सगळ्याची सावली फुप्फुसावर पडते आणि तिच्यामागे काय आहे ते झाकून जातं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या फुप्फुसावर दोन गोल पांढऱ्या ठिपक्यांसारख्या येतात. त्या ओळखू येतात हो, पण त्यांच्या मागे एखादा खरा ठिपका असला तर?

मंगळसूत्र काढायला बायका तयार होत नाहीत, आणि मी कधी हुज्जतही घालत नाही. कुडाळकडच्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, “घो बाहेर बाकड्यार बसलो हा, आणि तू माका ह्या काढूक सांगतस?” मी दाराशी जाऊन नवऱ्यालाच हाक मारली. त्यांनी आत येऊन स्वतःच्या हाताने ते काढलं आणि बायकोच्या मनगटाला गुंडाळलं. दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो: मनगटाला गुंडाळा, अंगावरच राहतं. नुसतं वर ओढून गळ्याशी धरलं तर चालेल का, असं विचारतात. फार उपयोग होत नाही, कारण फुप्फुसाचं टोक कॉलरच्या हाडाच्याही वर मानेत शिरलेलं असतं, आणि क्षयाचा डाग बसायला त्याला तीच जागा आवडते.

दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही ती वेणीची. लांब, ओल्या केसांची जाड वेणी पाठीवर सोडलेली असली तर तिच्या रेघा थेट फुप्फुसाच्या वरच्या भागात उमटतात. केस वर बांधून या. गजरा राहिला तरी चालेल, पिना काढा.

उपाशी यावं लागत नाही. पेज जेवून आलात तरी चालतं. लघवी रोखून धरायची नाही, सुई नाही, दुखत नाही. पोटातल्या बाळाची शक्यता असेल, पाळी चुकली असेल, तर मात्र ते आधी सांगा. बाहेर सासरे बसलेत म्हणून गप्प राहू नका. छातीच्या एक्स-रेत पोटापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात, तरी डॉक्टर तेव्हा विचार करून ठरवतात, काढायचाच झाला तर पोटावर शिशाचा ॲप्रन बांधता येतो.

आता उभं राहणं. तुम्हाला वाटतं फोटो काढणारा समोर असेल. पण मी तुम्हाला प्लेटला छाती टेकवून, माझ्याकडे पाठ करून उभं करतो. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. नळी तुमच्या पाठीमागे सहा फुटांवर. कंदिलाचा खेळ आठवा. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. छाती प्लेटला टेकली की हृदय भिंतीजवळच्या हातासारखं होतं, सावली त्याच्या मापाची पडते. कोपरं पुढे ढकलली की पाठीवरच्या फऱ्यांची हाडं बाजूला सरकतात, नाहीतर तीही फुप्फुसावर सावली धरतात. म्हणून मी मागून खांदे दाबतो तेव्हा रागावू नका.

खाटेवरच्या माणसाला असं उभं करता येत नाही. मग पाठीखाली प्लेट आणि समोरून किरण, नळीही जवळ. अशा फिल्ममध्ये हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. फिल्मच्या कोपऱ्यात ‘एपी’ लिहिलेलं असलं तर हा तो प्रकार, आणि ‘हृदय वाढलंय’ असं त्यावरून कोणी घाईने म्हणू नये. उभ्याने काढलेल्यावर ‘पीए’ लिहितात. त्यात हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी असली की ठीक.

मग येतो श्वास. “मोठा श्वास घ्या... अजून घ्या... रोखा!” हे मी ओरडतो आणि मोजून निम्मे लोक नेमके त्याच क्षणी श्वास सोडतात. काहीजण श्वास घेतात तो खांदे उचलून, पोट आत ओढून. छाती फुगते पण फुप्फुसं भरत नाहीत. खरा श्वास असा घ्यायचा की पोटही पुढे आलं पाहिजे. आतला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो खाली उतरतो, फुप्फुसं मोकळी पसरतात, आणि फिल्मवर पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. श्वास अर्धा राहिला की फुप्फुसाचा खालचा भाग दाटीवाटीने चेपला जातो, धुरकट दिसतो, हृदयही आडवं पसरतं. धडधाकट माणसाला न्यूमोनिया असल्यासारखी फिल्म तयार! तेव्हा मी “परत काढूया” म्हटलं तर आत काहीतरी भयंकर दिसलंय असं समजू नका. दहातल्या नऊ वेळा तुमचा श्वास चुकलेला असतो, किंवा माझा ‘रोखा’ चुकलेला असतो. खोकला येत असेल तर आधी मनसोक्त खोकून घ्या. किरण सुटतात ते सेकंदाचाही छोटा तुकडा, डोळा मिटून उघडेपर्यंत सगळं उरकतं.

मी जातो तो काचेच्या आड. यावर ठरलेला प्रश्न: “काही होत नाही म्हणतोस, मग तू कित्याक लपतंस?” चुलीसमोर भाकरी घ्यायला गेलेल्याला झळ लागत नाही, दिवसभर भाजत बसलेल्याला लागते, एवढाच हिशेब. तुमचा वर्षातून एखादा, माझे दिवसाला तीस-चाळीस. म्हणून माझ्या खिशाला एक बॅज असतो, माझ्या अंगावर किती किरण पडले ते दर तीन महिन्यांनी त्यावरून मोजतात. अशी यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय चालवता येत नाहीत.

तुमच्या वाट्याला येतं ते किती? एका छातीच्या एक्स-रेत साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणारे किरण मोजायचं हे माप). जमिनीतून, दगडांतून, आकाशातून, खाण्यातून आपल्याला घरबसल्या वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एक एक्स-रे हा तीन दिवस नुसतं जगण्याइतका. छातीचा सीटी स्कॅन मात्र वेगळं प्रकरण, साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट. तो डॉक्टरांनी सांगितला तर जरूर करा. “एकदा सगळं बघून घेऊ” म्हणून स्वतःहून करू नका. कोविडच्या दिवसांत लोकांनी हे फार केलं. एक्स-रेनंतर अंगात काही उरत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच. बाळाला लगेच पाजलं तरी चालतं, आणि पिशवीतले बांगडे खराब होत नाहीत. हा प्रश्न मला खरंच विचारलेला आहे.

फिल्म हातात आली की लोक ती खिडकीकडे धरून मोबाईलवर फोटो काढतात आणि मुंबईतल्या भाच्याला पाठवतात. खिडकीबाहेर माड असतो. झावळ्यांच्या रेघा फुप्फुसात दिसतात आणि तिकडून फोन येतो, “मामा, हे काय आहे?” पाठवायचाच असेल तर आमच्याकडे मूळ प्रतिमा मागा, आजकाल सगळं कॉम्प्युटरवरच असतं. बघताना हेही ध्यानात ठेवा, की फिल्ममधला माणूस तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे. त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला.

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि तो वाचून रात्रभर न झोपलेले लोक मी पाहिलेत. सगळ्यात जास्त झोप उडवतो तो ‘प्रॉमिनंट ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’. झाडाच्या फांद्यांसारख्या श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्या फुप्फुसात पसरलेल्या असतात, त्यांच्या रेघा जरा ठळक दिसतात, एवढाच याचा अर्थ. बिडी, चुलीचा धूर, सर्दी-खोकला, वय, किंवा अर्धवट श्वास, कशानेही दिसतात. एकट्या या ओळीवर कोणी औषध सुरू करत नाही. ‘अनफोल्डेड एओर्टा’ म्हणजे मोठी रक्तवाहिनी वयाने किंवा ब्लडप्रेशरने थोडी सैलावली, पागोळीच्या जुन्या पन्हळीसारखी. ‘कॅल्सिफाइड’ हा शब्द दिसला तर बहुतेक वेळा उलट बरं वाटायला हवं: कधीतरी काहीतरी झालं होतं, शरीराने ते चुना लावून बुजवून टाकलं, त्याची ही खूण.

‘सीपी अँगल’ म्हणजे बरगड्या आणि पडदा जिथे भेटतात तो टोकदार कोपरा. तो ‘क्लिअर’ असला की ठीक. ‘ब्लंट’ म्हणजे बोथट असला तर तिथे पाणी साचलेलं असू शकतं, कारण उभ्या माणसात पाणी खाली उतरून आधी तो कोपरा भरतं. उभ्या फिल्मवर दिसायला साधारण २०० मिली, म्हणजे पेलाभर तरी पाणी लागतं. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकून बघतात तेही याचसाठी. फणस पिकला का ते आपण ठोकूनच ओळखतो ना. पोकळ जागेचा आणि भरलेल्या जागेचा आवाज वेगळा.

‘ओपॅसिटी’, ‘हेझिनेस’, ‘इन्फिल्ट्रेट्स’ ही सगळी ‘काळं असायला हवं तिथे पांढुरकं दिसतंय’ याचीच नावं. हवेच्या जागी काहीतरी भरलंय. पू, पाणी, रक्त, गाठ, जुना व्रण, काय भरलंय ते सावली सांगत नाही. भिंतीवरच्या कोंबड्याकडे बघून हात गोरा की काळा ते कसं कळणार? म्हणून खाली लिहितात, ‘क्लिनिकल कोरिलेशन’. लोकांना वाटतं डॉक्टर अंग काढून घेतायत. माझ्या मते रिपोर्टातली ती सगळ्यात प्रामाणिक ओळ आहे: माणसाला बघा, त्याला ताप आहे का विचारा, मग ठरवा. पावसाळ्यात भातलावणी करून आलेल्या तापाच्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत असं पांढुरकं दिसलं तर आमच्याकडचे डॉक्टर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, विचार आधी करतात. हीच फिल्म दुसरीकडे वेगळी वाचली जाऊ शकते.

कामधंदाही सांगा. कासार्ड्याकडे सिलिका वाळू काढतात. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि त्याचे बारके ठिपके फुप्फुसाच्या वरच्या भागात बसतात, नेमके क्षयासारखे. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त. फिल्म बघणाऱ्याला तुम्ही कुठे काम केलंत हे ठाऊक नसेल तर तो चुकू शकतो.

क्षय म्हटला की थोडं थांबून सांगायला हवं. नुसत्या एक्स-रेवर क्षय पक्का होत नाही, संशय येतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असं काही असेल तर बेडका तपासावा लागतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे, औषधंही फुकट. त्यासाठीचं ट्रूनॅट हे यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. बेडका म्हणजे खोल खोकून काढलेला, थुंकी नव्हे. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून दिलेला चांगला.

उलटही खरं. फिल्म स्वच्छ आली म्हणजे छातीत काहीच नाही, असं नाही. दमा त्यात बहुतेक वेळा दिसत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा दिसत नाही. छातीत कळ येऊन घाम फुटलेला माणूस ‘फोटो काढा’ म्हणत माझ्याकडे आला तर मी त्याला आधी ईसीजीला पळवतो. बारीक गाठ हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीमागे लपू शकते. न्यूमोनियात तर आणखी गंमत: ताप उतरतो, माणूस मासे खायला लागतो, तरी फिल्मवरचा डाग आठवडेच्या आठवडे जात नाही. म्हणून डॉक्टर दीड महिन्याने परत काढायला सांगतात, विशेषतः बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना. तो डाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर त्यामागे दुसरं काही आहे का ते बघावं लागतं.

आमच्याकडे आजारी नसलेले लोकही खूप येतात. जहाजावर आणि आखातात नोकरीला जाणारे. आखातातल्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतोच, आणि क्षयाचा जुना, भरून आलेला व्रण दिसला तरी ‘अनफिट’ शेरा बसतो. एका तरुणाचं असंच झालं. आईने माळ्यावरून सहा वर्षांपूर्वीची फिल्म शोधून आणली. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या, व्रण तोच, तेवढाच, रेघेचाही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, बेडका एकदा तपासूया, पण तुझ्यात आजार दिसत नाही. बेडकाही स्वच्छ आला. सहा महिन्यांच्या गोळ्या टळल्या. व्हिसा मिळाला नाही. तिथला नियम डॉक्टरांच्या हातात नव्हता.

जुनी फिल्म हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी कागद. डाग कालचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे एका फिल्मवरून कळत नाही, दोन शेजारी ठेवल्या की क्षणात कळतं. दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, वर तारीख घालून, कपाटात उभी ठेवा. चुलीवरच्या माळ्यावर धूर लागतो. आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास दिसलं. जुन्या एक्स-रेतून ग्रहण बघायची आपल्याकडे भारी हौस. ते करू नये; फिल्म उजेड कमी करते, पण डोळ्याचा पडदा भाजणारे न दिसणारे किरण पुरेसे अडवत नाही. त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने मालवणकडचे एक आजोबा खोकल्यासाठी आले. नव्या फिल्मवर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक डाग होता. डॉक्टरांनी जुनी फिल्म मागितली. आजोबा खुश झाले, खताच्या पिशवीत गुंडाळलेली फिल्म त्यांनी जपून आणलीच होती. मी ती दिव्यावर लावली. उजव्या बाजूला वरती, बरोबर त्याच जागी, कात्रीने नीट कापलेली चौकोनी खिडकी. नातवाने ग्रहणासाठी फिल्मवरचा सगळ्यात काळाभोर तुकडा निवडून घेतला होता.